दुरुस्ती लहान, तरी कारण लिहावे

सरकारी दप्तराशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना एक जुना दंडक ठाऊक असतो. नोंदवहीत चूक झाली तर ती खरवडून काढावयाची नाही, तिच्यावर शाई फासावयाची नाही. चुकीच्या शब्दावर एकच रेघ ओढावयाची, तो शब्द वाचता येईल असा राहू द्यावयाचा, शेजारी योग्य शब्द लिहावयाचा आणि समासात आद्याक्षरी सही व तारीख घालावयाची. खाडाखोड होणे यात कमीपणा मानला जात नसे. लपविलेली खाडाखोड मात्र संशयास पात्र ठरे. तलाठ्याच्या दप्तरापासून शाळेच्या हजेरीपटापर्यंत हा शिरस्ता सर्वत्र पाळला जात असे आणि आजही कागदावरील नोंदींना तो लागू आहे.

आता लिखाणाचा मोठा भाग कागदावरून संगणकाच्या व भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आला आहे. पंचायतीच्या सूचनेचा मसुदा, शाळेतील विद्यार्थ्यांची यादी, मंडळाच्या उत्सवाचा कार्यक्रम, गावाच्या माहितीचा लेख असे कितीतरी दस्तऐवज आज अनेक माणसे आपापल्या जागी बसून एकत्र लिहितात व दुरुस्त करतात. येथे खोडलेला शब्द डोळ्यांस दिसत नाही. नवा शब्द जुन्याच्या जागी असा बसतो की जणू तो प्रथमपासून तेथेच होता. ही सोय फार मोठी आहे, परंतु तिच्यामुळे समासातील त्या आद्याक्षरी सहीचे काम आता कोणी व कसे करावे, हा प्रश्न निर्माण झाला आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

एका वाराची गोष्ट

आरंभी स्वतःचाच एक प्रमाद सांगणे योग्य होईल. काही वर्षांपूर्वी पेडणे तालुक्यातील एका गावी दाखल्यांसाठी शिबिर भरावयाचे होते. त्याच्या सूचनेचा मसुदा आम्ही चार-पाच जण एका सामाईक दस्तऐवजात तयार करीत होतो. त्यात ‘बुधवार, दि. १४’ असे लिहिलेले माझ्या दृष्टीस पडले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत १४ तारखेस गुरुवार होता. वार चुकला आहे असे समजून मी ‘बुधवार’ काढून ‘गुरुवार’ लिहिले आणि पुढच्या कामास लागलो. बदल एका शब्दाचा होता. तो कोणास कळवावा असे मला वाटलेच नाही.

वस्तुतः वार बरोबर होता आणि तारीख चुकली होती. शिबिर बुधवारी, १३ तारखेस ठरले होते. त्या दिवशी कर्मचारी येऊन बसले, पण माणसे फारशी आली नाहीत. दुसऱ्या दिवशी माणसे आली, तेव्हा सभागृहास कुलूप होते. तेरेखोलहून फेरीबोटीने नदी ओलांडून आलेल्या एक वृद्ध बाई हातातील कागदांची पिशवी सांभाळीत दुपारपर्यंत पायरीवर बसून राहिल्या होत्या, असे मला मागाहून समजले.

मसुद्यावर काम करणाऱ्यांपैकी तिघांना खरा दिवस ठाऊक होता. ‘तारखेशी जुळावा म्हणून वार बदलला आहे’ एवढे एक वाक्य मी लिहिले असते, तर तिघांपैकी कोणीतरी तत्काळ दूरध्वनी करून माझी चूक माझ्या पदरात घातली असती. दुरुस्ती करण्यात माझा हेतू शुद्ध होता. उणीव राहिली ती कारण न सांगण्याची. लहान बदल हा करणाऱ्याच्या दृष्टीने लहान असतो. वाचणाऱ्याच्या दृष्टीने तो तसा आहे की नाही, हे कारण कळल्यावाचून ठरत नाही.

यंत्राची स्मृती व तिची मर्यादा

यावर कोणी म्हणेल, संगणक तर प्रत्येक बदलाची नोंद ठेवतो, मग वेगळे लिहिण्याचे प्रयोजन काय? हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे.

अनेकांनी मिळून लिहावयाच्या संकेतस्थळांना ‘विकी’ असे म्हणतात. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९९५ मध्ये असे पहिले स्थळ सुरू केले आणि हवाई बेटांच्या भाषेतील ‘विकी’, म्हणजे ‘त्वरित’, हा शब्द त्यास दिला. याच पद्धतीवर १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश इंग्रजीत सुरू झाला. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला. कोंकणी विकिपीडिया २०१५ मध्ये स्वतंत्रपणे कार्यरत झाला. या कोशांतील लेख कोणाही वाचकास दुरुस्त करता येतो. प्रत्येक लेखास ‘इतिहास’ नावाचे एक पान जोडलेले असते आणि त्यात कोणता बदल, कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता केला, हे क्रमाने नोंदलेले असते. जुनी व नवी प्रत शेजारी शेजारी ठेवून फरकही पाहता येतो. गूगल डॉक्ससारख्या सामाईक दस्तऐवजांतही आवृत्त्यांचा असाच इतिहास राखला जातो.

यंत्राची ही स्मृती अचूक आहे, यात शंका नाही. तथापि तिला काय, कोणी व केव्हा एवढेच ठाऊक असते. का, हे तिला ठाऊक नसते. ते केवळ बदल करणाऱ्या माणसास ठाऊक असते आणि त्याने लिहिल्याखेरीज ते इतरांस कळण्याचा मार्ग नाही. माझ्या त्या ‘गुरुवार’चीही नोंद यंत्राने ठेवली होती, परंतु तिच्याकडे पाहण्याचे कोणास कारण पडले नाही.

हे जाणूनच विकिपीडियावर बदल जतन करण्यापूर्वी सारांश लिहिण्यासाठी एक अरुंद चौकट दिलेली असते. नोंदणीकृत सदस्यांसाठी तिच्याजवळ ‘हा एक छोटा बदल आहे’ असे सांगणारी खूण करण्याचीही सोय असते. ती खूण केल्यास इतिहासाच्या पानावर त्या बदलासमोर ‘छो’ हे अक्षर उमटते. पूर्वी या सारांशास २५५ बाइटांची मर्यादा होती. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांची जागा घेत असल्याने मराठी लेखकाच्या वाट्यास इंग्रजी लेखकाच्या एक-तृतीयांशच जागा येत असे. २०१८ मध्ये ही मर्यादा वाढवून ५०० चिन्हांची करण्यात आली. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली, तरी दोन-तीन वाक्ये लिहिण्यास ही जागा पुरेशी आहे. जागा नाही, ही सबब आता मराठी लेखकास सांगता येणार नाही.

लहान बदल कोणता?

‘छो’ ही खूण केव्हा करावी, याबद्दल विकिपीडियाचा संकेत स्पष्ट आहे. ज्या बदलाने आशय यत्किंचितही बदलत नाही आणि ज्यावर कोणाचा मतभेद संभवत नाही, तोच बदल लहान समजावा. ऱ्हस्व-दीर्घाची उघड चूक, दोनदा पडलेला शब्द, सुटलेले विरामचिन्ह, परिच्छेदातील अंतर इत्यादी दुरुस्त्या या वर्गात येतात. एकच अक्षर बदलले, पण अर्थ बदलला, तर तो बदल लहान नव्हे. अक्षरांची संख्या हे येथे माप नाही.

आपल्या भागातील काही उदाहरणे घेतल्यास हा भेद ध्यानी येईल.

मराठीत आपण ‘पेडणे’ लिहितो. कोंकणीत ‘पेडणें’ असे अनुस्वारासह लिहिले जाते, कारण तेथे तो उच्चारला जातो. मराठीतही १९६२ च्या लेखननियमांपूर्वी असे अनुस्वार देण्याची रीत होती, त्यामुळे जुन्या मराठी ग्रंथांत ‘पेडणें’ हे रूप आढळणे स्वाभाविक आहे. एखाद्या शिक्षकाने मराठी लेखातील हा अनुस्वार काढला, तर तो नियमास धरून वागला. एखाद्या ग्रामस्थाने तो पुन्हा घातला, तर तो आपल्या बोलीस धरून वागला. दोघांनीही कारण लिहिले नाही, तर प्रत्येकास वाटते की समोरचा मनुष्य आपल्या भाषेचा अवमान करीत आहे. ‘मराठी लेख असल्याने मराठी लेखननियमांनुसार अनुस्वार काढला, कोंकणी लेखात तो योग्यच आहे’ एवढे लिहिले, तर वादास जागा राहत नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्यानुसार कोंकणी ही राजभाषा आहे आणि मराठीचा शासकीय कामकाजात वापर करण्याची तरतूद आहे. अशा प्रदेशात एका टिंबाचेही कारण सांगणे हा परस्परांविषयीच्या आदराचा भाग होय.

डिचोलीचे उदाहरण याहून बोलके आहे. मराठीत ‘डिचोली’, कोंकणीत ‘दिवचल’ आणि पोर्तुगीज अमदानीपासून रोमन लिपीत ‘बिचोलिम’ अशी या एकाच गावाची रूपे चालत आली आहेत. बाहेरगावचा एखादा उत्साही संपादक इंग्रजी नकाशा पाहून ‘डिचोली’ हा मुद्रणदोष समजेल आणि लेखभर ‘बिचोली’ करून टाकील, हे अशक्य नाही. बदल एकेका अक्षराचा असेल आणि त्यावर ‘छो’ अशी खूणही असेल. ती खूण पाहून नेहमी लक्ष ठेवणारी मंडळी तो बदल उघडून पाहणार नाहीत. न पाहिलेली चूक पुढे इतर ठिकाणी उतरवली जाते आणि कालांतराने तीच प्रमाण मानली जाते. खूण चुकीची असणे हे मूळ चुकीइतकेच हानिकारक असते, ते याचसाठी.

आकड्यांच्या बाबतीत तर विशेष दक्षता आवश्यक आहे. डिचोली तालुक्यातील नार्वे येथील श्री सप्तकोटेश्वराच्या देवालयाचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला. एखाद्या लेखात तेथे ‘१६८८’ असे पडले असेल, तर ती चूक सुधारताना ‘महाराजांचे निधन १६८० मध्ये झाले, त्यामुळे १६८८ असंभव, १६६८ केले’ असे लिहावे. वाचणाऱ्याची क्षणात खात्री पटते. उलट, पेडणे तालुक्यातील पत्रादेवी येथे १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवा मुक्तीसाठी आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर झालेल्या गोळीबाराविषयीच्या लेखात हुतात्म्यांच्या संख्येतील एक आकडा कोणी बदलला, तर तो बदल कोणत्याही परिस्थितीत लहान ठरत नाही. तो एक आकडा म्हणजे एक माणूस आहे, त्याचे घर आहे, त्याचे आप्त आहेत. तेथे आधार दिल्यावाचून हात लावू नये.

काळाने घडवलेले बदलही असतात. मोपा येथील विमानतळ ‘होणार आहे’ असे ज्या लेखांत लिहिले होते, त्यांत ११ डिसेंबर २०२२ च्या उद्घाटनानंतर आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानसेवा सुरू झाल्यानंतर ‘झाला आहे’ असा बदल करणे प्राप्तच होते. क्रियापदाचेच रूप बदलले, तरी ही नवी माहिती आहे. म्हणून ‘छो’ अशी खूण न करता ‘विमानसेवा सुरू झाल्याने मजकूर अद्ययावत केला’ असे आधारासह लिहावे.

कारण कसे लिहावे?

कारण लिहिणे म्हणजे निबंध लिहिणे नव्हे. पुढील चार गोष्टी ध्यानात ठेवल्या की पुरे.

१. काय बदलले आणि का बदलले, या दोहोंचा उल्लेख असावा. ‘दुरुस्ती केली’ या शब्दांतून काहीच कळत नाही. ‘सरपंचांच्या नावातील वेलांटी पंचायतीच्या फलकाप्रमाणे केली’ यातून सर्व कळते.

२. भाषा बदलाविषयी असावी, माणसाविषयी नसावी. ‘अडाण्याने केलेली चूक काढली’ असे लिहिणाऱ्याने एक चूक काढून दुसरी केली. मूळ लेखकही ते वाचणार आहे, आणि बहुधा तो शेजारच्याच गावचा असतो.

३. खात्री नसेल तर तसे सांगावे. ‘माझ्या समजुतीप्रमाणे बदलले आहे, जाणकारांनी पाहावे’ या वाक्यात कमीपणा नाही. त्यामुळे जाणकारास बोलावणे जाते.

४. लहान व मोठे बदल एकत्र करू नयेत. दहा ठिकाणची शुद्धलेखनाची दुरुस्ती आणि एका आकड्यातील बदल एकाच वेळी जतन केल्यास तो आकडा गर्दीत हरवतो. प्रथम शुद्धलेखन, नंतर आकडा, असे दोन वेळा जतन करावे व दोन कारणे लिहावीत.

दुसऱ्याचा बदल उलटविताना तर कारण देणे अधिकच आवश्यक असते. नव्या लेखकाने प्रथमच श्रम करून एखादी ओळ घातली आणि ती मुकाट्याने नाहीशी झाली, तर तो पुन्हा येत नाही. ‘माहिती उपयुक्त आहे, परंतु आधार नाही, आधार मिळाल्यास पुन्हा घालावी’ असे लिहिल्यास तो आधार शोधून परत येतो. मतभेद एका ओळीत मावत नसेल, तर लेखास जोडलेल्या चर्चापानावर तो मांडावा. ज्याच्या बदलाखाली कारण नाही, त्याचा हेतू वाईटच असला पाहिजे, असा तर्कही कोणी करू नये. पुष्कळांना या चौकटीचा उपयोग माहीतच नसतो. त्यांना तो सांगावा.

ही शिस्त परकी नव्हे

ही रीत संगणकाबरोबर बाहेरून आली, असे समजण्याचे कारण नाही. श्रीज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात उतरताना तिच्यात पाठभेद शिरले, तेव्हा श्रीएकनाथ महाराजांनी तिचे संशोधन केले. ते पूर्ण होताच त्यांनी ग्रंथाच्या शेवटी मोजक्या ओव्यांत स्वतःचे नाव, शके १५०६ म्हणजे इसवी सन १५८४ चा काल आणि पाठांतरामुळे आलेली अशुद्धी दूर करण्याचे प्रयोजन नमूद केले. यापुढे कोणी स्वतःची ओवी त्यात मिसळू नये, असा इशाराही दिला. मूळ ग्रंथ शुद्धच होता, दोष नकलांत शिरला, हे सांगावयास ते विसरले नाहीत. कोणी, केव्हा, काय व का, या चारही प्रश्नांची उत्तरे तेथे मिळतात. चारशेहून अधिक वर्षांनंतरही अभ्यासकांस त्या ओव्यांचा उपयोग होतो. समर्थ रामदासांनीही दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा आरंभ लेखनक्रियेच्या निरूपणाने केला आहे. अक्षर कसे असावे, समास कसा राखावा, याचा विचार मराठी माणसाने फार पूर्वीपासून केलेला आहे.

कार्यालये, शाळा व ग्रामस्थ

विकिपीडियावर लिहिणारे थोडे, पण सामाईक याद्यांशी संबंध येणारे पुष्कळ आहेत. त्यांनाही हा नियम तितकाच लागू आहे. गोव्यात १९६८ च्या जमीन महसूल संहितेनुसार ‘एक-चौदा’च्या नोंदीत फेरफार करताना संबंधितांस नोटीस दिली जाते व हरकती मागविल्या जातात. नाव अथवा आडनाव बदलण्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे. कायदा एका अक्षराविषयी इतकी काळजी घेतो, कारण त्या अक्षरावर कोणाची तरी जमीन, वारसा वा शिक्षण अवलंबून असते. शाळेच्या सामाईक तक्त्यात विद्यार्थ्याच्या नावातील एक अक्षर ‘सुधारणाऱ्या’ शिक्षकाने हे ध्यानात ठेवावे. जन्मदाखल्यात जसे आहे तसेच नाव ठेवावे, आणि बदल करावाच लागला तर त्या चौकटीवर टिप्पणी जोडून ‘जन्मदाखल्याप्रमाणे केले’ असे लिहावे. गूगल डॉक्समध्ये बदल थेट न करता सुचविण्याचीही सोय आहे. दुसऱ्याने तयार केलेल्या मसुद्यात तीच वापरणे अधिक शिष्टसंमत होय.

वाड्यावरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातही हेच पथ्य पाळता येईल. तेथे पाठविलेला संदेश पंधरा मिनिटांच्या आत बदलण्याची सोय २०२३ पासून उपलब्ध झाली. संदेश बदलला आहे एवढी खूण त्यावर दिसते, परंतु पूर्वी काय लिहिले होते ते वाचणाऱ्यास दिसत नाही. पाण्याच्या टँकरची वेळ कोणी सहाऐवजी आठ केली आणि गटातील निम्म्या घरांनी पहिलीच वेळ वाचून ठेवली असली, तर कळश्या घेऊन माणसे दोन तास ताटकळणार. अशा वेळी खाली ‘वेळ बदलली आहे : सहाऐवजी आठ, टँकर नादुरुस्त’ असा वेगळा संदेश पाठवावा.

हे सर्व करण्यास किती वेळ लागतो, याचा हिशेब वाचकांनी स्वतःच करून पाहावा. एक वाक्य लिहिण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. त्या सूचनेच्या प्रकरणानंतर मी ही सवय स्वतःस लावून घेतली आहे. अनुस्वार बदलला तरी कारण लिहितो. सहकारी कधी हसतात, पण त्यामुळे माझ्या दोन चुका त्यांनी वेळीच धरल्या आहेत. त्यांपैकी एक पुन्हा वाराचीच होती. त्या वेळी मात्र सूचना बरोबर छापली गेली आणि ठरल्या दिवशी सभागृहाचे दार उघडे होते.